मरणपंथाला लागलेली हार्ड डिस्क क्लोन करायच्या (जशीच्या तशी नव्या डिस्कवर उतरवायच्या) आधी

फोल्डर उघडायला पाच-पाच मिनिटं लागू लागली की आधी मशीन बंद करा. विंडोज ‘डिस्क दुरुस्त करू का’ विचारेल, नाही म्हणा. ती दुरुस्ती त्याच खराब डिस्कवर लिहीत सुटते. आतून एका तालात टक-टक येत असेल तर घरी काहीच करू नका, सरळ डेटा रिकव्हरीवाल्याकडे न्या. कोणी फ्रीझरमध्ये ठेवायला सांगेल. ऐकू नका, आत दव धरतं.

टक-टक नसेल तर स्मार्ट अहवालात, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी नोंद ठेवते तिच्यात, ५, १९७ आणि १९८ क्रमांकाच्या ओळी बघा (हा अहवाल दाखवणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फो या सॉफ्टवेअरमध्ये त्या ०५, सी५, सी६ अशा दिसतात). १९७ म्हणजे वाचता न आलेले सेक्टर, डिस्कचे छोटे तुकडे. तो आकडा वाढत असेल तर रविवारची वाट बघू नका.

नवी डिस्क मोठीच घ्या. दोन्हींवर १ टीबी छापलंय एवढ्यावर जाऊ नका, नव्या डिस्कचे बाइट जुन्यापेक्षा कमी नकोत. थोडी जरी कमी भरली तरी शेवटचा भाग येणार नाही. नव्या डिस्कवर काही असेल तर ते पुसलं जाणार, हे सांगायला नको. ३.५ इंची डिस्कला १२ व्होल्ट लागतात, ते यूएसबीतून मिळत नाहीत. त्यामुळे डेस्कटॉपच्या साटा केबलवरच लावा.

आता पेनड्राइव्ह. एक नाही, दोन. पहिल्यावर सिस्टमरेस्क्यू, म्हणजे पेनड्राइव्हवरून चालणारी लिनक्स सिस्टम; त्यात डीडीरेस्क्यू, म्हणजे खराब डिस्कवरचा डेटा नव्या डिस्कवर उतरवणारा प्रोग्रॅम, असतंच. दुसरा मॅपफाइलसाठी. हा दुसरा मी घेतला नव्हता.

मॅपफाइल म्हणजे डिस्कचा कुठला भाग वाचून झाला आणि कुठला राहिला याची नोंद. मी ती होम फोल्डरमध्ये ठेवली. पेनड्राइव्हवरून चालणाऱ्या सिस्टमचं होम फोल्डर रॅममध्ये असतं, हे लक्षातच आलं नाही. चौदा तासांनी लाइट गेली आणि नोंद पुसली गेली. पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. आधीच उतरलेला भाग परत वाचण्यात डिस्कचा उरलेला जीव गेला. बाबांचे फोटो डिस्कच्या शेवटच्या भागात होते, तिथवर ती पोचलीच नाही. म्हणून सांगतो, मॅपफाइल दुसऱ्या पेनड्राइव्हवर. तो माउंट झालाय का, म्हणजे सिस्टमला जोडला गेलाय का बघा, त्यावर एखादी फाइल लिहून बघा, मगच पुढे. कमांडमध्ये मॅपफाइलचं नाव तिसरं येतं. ते दिलं नाही तरी डीडीरेस्क्यू मुकाट्याने चालू होतं, थांबवत नाही. नाव दिलंय का, आणि ते पेनड्राइव्हवरचंच आहे का, एंटर दाबण्याआधी मोठ्याने वाचा. यूपीएस लावा, पण यूपीएस आहे म्हणून मॅपफाइल रॅममध्ये ठेवू नका.

कमांडमध्ये आधी जुनी डिस्क, मग नवी. हा क्रम उलटा झाला तर सगळं संपलं. सिस्टम डिस्कना देते ती एसडीए, एसडीबी ही नावं रीबूटनंतर बदलू शकतात, म्हणून डिस्कवरच्या स्टिकरचा सिरीयल नंबर कागदावर लिहून घ्या आणि स्क्रीनवरच्या नंबराशी ताडून बघा.

पहिल्या फेरीत ‘एन’ पर्याय द्या, म्हणजे सोपा भाग आधी हाती येतो आणि खराब जागा खरवडणं मागे राहतं. त्यानंतर तीच मॅपफाइल देऊन खराब जागांसाठी तीन प्रयत्न. तीच मॅपफाइल, नवी नाही. अधूनमधून डिस्कला हात लावून बघा, चटका बसत असेल तर पंखा लावा.

झालं की मशीन बंद करून जुनी डिस्क काढा. दोन्ही एकत्र लावून विंडोज चालू करू नका, दोघींची ओळख एकच असते. चेक डिस्क, म्हणजे सुरुवातीला नाही म्हटलेली विंडोजची दुरुस्ती, आता चालवा, फक्त नव्या डिस्कवर. बिटलॉकर (विंडोजचं डिस्क-कुलूप) असेल तर ४८ आकडी रिकव्हरी की जवळ ठेवा. फोटो दोन-चार नाही, भरपूर उघडून बघा. जुनी डिस्क आणि मॅपफाइल इतक्यात टाकू नका.