अवकाशासाठी दूरनियंत्रित सूक्ष्मदर्शक बनवताना आधी उष्णतेचा हिशेब मांडा

अवकाशात पाठवण्याजोगा छोटा, दुरून चालवता येणारा सूक्ष्मदर्शक बनवण्याचे मनात घेऊन पुण्यातील अभियांत्रिकी आणि भौतिकशास्त्राचे विद्यार्थी जेव्हा सल्ला विचारतात, तेव्हा त्यांच्याजवळ बहुधा भिंगांची रचना तयार असते. माझा त्यांना पहिला प्रश्न असतो तो एलईडी आणि कॅमेऱ्याचा सेन्सर यांची उष्णता कोणत्या वाटेने बाहेर जाणार, हा. आमच्या गटाचे कित्येक महिने याच एका प्रश्नापायी गेले, म्हणून त्याविषयी सविस्तर लिहितो.

जमिनीवर एखादी वस्तू तापली की तिच्याभोवतीची हवा हलकी होऊन वर जाते आणि थंड हवा तिची जागा घेते, त्यामुळे फारसे काही न करताही बरीच उष्णता निघून जाते. पृथ्वीपासून 400 किलोमीटरवर गुरुत्वाकर्षण नाहीसे होत नाही, पण यान सतत मुक्त पतनात असल्यामुळे गरम हवेला ‘वर’ अशी दिशाच उरत नाही. बंद पेटीतली हवा जागच्या जागी राहते, आणि स्थिर हवा ही उष्णतेची फार वाईट वाहक आहे. त्यामुळे प्रयोगशाळेत तासन्‌तास नीट चालणाऱ्या उपकरणातला सेन्सर तिथे तापत जातो.

आता याचा फोकसशी संबंध पाहा. भिंग आणि नमुना यांच्यातले अंतर राखणारा ॲल्युमिनियमचा 100 मिलिमीटर लांबीचा खांब तापमान 1 अंशाने वाढले की सुमारे 2.3 मायक्रोमीटरने लांबतो. 10 पटीच्या, 0.25 संख्यात्मक छिद्र (भिंग किती रुंद कोनातून प्रकाश गोळा करते याचे माप) असलेल्या वस्तुभिंगाची, म्हणजे नमुन्याजवळच्या भिंगाची, स्पष्टतेची खोली (जेवढ्या जाडीतला भाग एका वेळी स्पष्ट दिसतो ती) हिरव्या प्रकाशात साधारण 8.5 मायक्रोमीटर असते. म्हणजे चार अंशांची वाढ झाली की नमुना त्या खोलीच्या बाहेर जातो, आणि सेन्सरजवळचा भाग दहा अंशांनी तापणे ही मुळीच असामान्य गोष्ट नाही. इन्व्हार हा मिश्रधातू ॲल्युमिनियमच्या सुमारे विसाव्या हिश्शानेच प्रसरण पावतो, परंतु तो तिप्पट जड असतो आणि चुंबकीयही असतो. पुण्याच्या सीओईपी अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी घडवलेला आणि 22 जून 2016 रोजी प्रक्षेपित झालेला सुमारे एक किलो वजनाचा ‘स्वयम्’ उपग्रह चुंबकांच्या आधारे आपली दिशा राखणारा होता. अशा उपग्रहात इन्व्हारचा विचार करताना दहा वेळा थांबावे लागेल. माझ्या मते नवशिक्यांनी ॲल्युमिनियमच वापरावे, सेन्सरपासून तळपट्टीपर्यंत तांब्याची जाड पट्टी न्यावी आणि एलईडी केवळ छायाचित्रापुरता लावावा.

याची चाचणी निर्वात कक्ष नसतानाही बऱ्याच अंशी करता येते. पेटी अशी ठेवा की तापणारा भाग सर्वांत वर आणि थंड तळपट्टी खाली येईल. मग गरम हवा वरच अडकते आणि अभिसरण जवळजवळ थांबते. सेन्सर, एलईडी आणि वस्तुभिंगाची नळी या तिन्ही ठिकाणी थर्मिस्टर (तापमान मोजणारे छोटे घटक) चिकटवा. नमुन्याच्या जागी स्टेज मायक्रोमीटरची, म्हणजे ठरावीक अंतरावर रेघा कोरलेली, काचपट्टी ठेवा आणि दर काही मिनिटांनी वेगवेगळ्या उंचीवरच्या प्रतिमांची मालिका घ्या. काचपट्टीवरच्या बारीक रेघा ज्या उंचीवर सर्वांत धारदार दिसतात, ती उंची तापमानासमोर मांडली की आलेख स्वतःच दोष दाखवतो. ही चाचणी वातानुकूलित खोलीत करू नका. जानेवारीत पुण्यात पहाटेच्या आणि दुपारच्या तापमानात पंधरा-वीस अंशांचा फरक पडतो, आणि खिडकी उघडी ठेवलेली साधी खोली ती सोय फुकट देते.

बाजारातला तयार यूएसबी सूक्ष्मदर्शक पेटीत बसवून काम भागवण्याचा मार्ग मला मान्य नाही. त्यातले वंगण, प्लास्टिक आणि गोंद निर्वातात वायू सोडतात आणि तो वायू थंड भिंगावर जमतो. शिवाय प्रक्षेपणाच्या कंपनांत त्याचे स्क्रू टिकतील याची खात्री कोणी देत नाही. मात्र व्यावसायिक उपकरणाचा पाया घेणे गैर नाही. 2009 साली अंतराळ स्थानकावर गेलेले नासाचे प्रकाश सूक्ष्मदर्शक मॉड्यूल लायका कंपनीच्या बाजारातील सूक्ष्मदर्शकात बदल करूनच घडवले होते, आणि ते क्लीव्हलँडच्या ग्लेन संशोधन केंद्रातून चालवले जात असे. बदल करण्यासाठी उपकरण आतून समजलेले असावे लागते, एवढीच माझी अट आहे.

दूरनियंत्रण म्हणजे जमिनीवर बसून फोकसचा स्क्रू फिरवणे, अशी कल्पना असेल तर ती आजच सोडा. लहान उपग्रह एका भूकेंद्राच्या टप्प्यात एका फेरीला दहा मिनिटांच्या आसपास असतो. प्रति सेकंद 9600 बिट वेगाने तेवढ्या वेळात सुमारे 720 किलोबाइट उतरतात, आणि 50 लाख पिक्सेलची एक कृष्णधवल प्रतिमा, संक्षेप न करता, 5 मेगाबाइटची असते. म्हणून फोकस उपकरणानेच शोधायला हवा, प्रतिमांची लहान रूपे आधी खाली यावीत आणि पूर्ण प्रतिमेतला नेमका कोणता तुकडा हवा, हे पुढच्या फेरीत कळवावे. फोकस शोधताना मोटर नेहमी एकाच बाजूने लक्ष्याकडे आणा, अन्यथा स्क्रूमधली ढील प्रत्येक वेळी वेगळे उत्तर देईल.

हे सर्व वाचून दडपण आले असेल तर एक गोष्ट लक्षात घ्या की संधी पूर्वीपेक्षा पुष्कळ जवळ आली आहे. 30 डिसेंबर 2024 रोजी उडालेल्या इस्रोच्या पीएसएलव्ही-सी60 रॉकेटच्या चौथ्या टप्प्यावरील ‘पोएम-4’ या प्रयोगांसाठीच्या मंचावर चवळीचे बी रुजले, आणि त्याच मंचावर पुण्याच्या एमआयटी विश्वशांती विद्यापीठाचे उपकरणही होते. सामान्य वकुबाच्या पण चिकाटीच्या गटाला हे काम जमते, असे मी मनापासून सांगतो.

मार्गदर्शक निवडताना मोठ्या नावाच्या मागे धावू नका. महाविद्यालयांतले सूक्ष्मदर्शक वर्षानुवर्षे उघडून साफ करणारा दुरुस्ती-तंत्रज्ञ आणि भोसरीतला एखादा चोख यंत्रकारागीर, ज्याला मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्शाचे महत्त्व समजावून सांगावे लागत नाही, ही दोन माणसे मला कोणत्याही व्याख्यानापेक्षा अधिक उपयोगी पडली.

तिसरे माणूस जीवशास्त्राचे हवे, आणि तेही पहिल्या आठवड्यापासून. जमिनीवर पेशी तळाशी बसून एका प्रतलात येतात. कक्षेत त्या सर्व खोलींवर तरंगत राहतात आणि हवेचा बुडबुडाही वर न जाता दृष्टिक्षेत्रातच थांबतो. त्यामुळे नमुन्याची कुपी शंभरेक मायक्रोमीटर इतकी पातळ असावी आणि ती बुडबुड्याशिवाय कशी भरायची, हे त्याच माणसाकडून शिकावे. क्लोरेलासारख्या शैवालाची पेशी 2 ते 10 मायक्रोमीटरची असते आणि 10 पटीचे भिंग सुमारे 1.3 मायक्रोमीटरपर्यंतचा तपशील वेगळा दाखवते, म्हणजे पेशी मोजण्यासाठी ते पुरेसे आहे. 40 पटीच्या भिंगाची स्पष्टतेची खोली जेमतेम सव्वा मायक्रोमीटर असते, आणि ते निवडले तर वरचा उष्णतेचा सगळा हिशेब सुमारे सातपट कडक होऊन पुन्हा मांडावा लागतो.