वेबसाइटचं नाव आधी फोनवर सांगून बघा

भूम तालुक्यात आमच्या दाजींची खव्याची भट्टी आहे. गेल्या दिवाळीत पुण्याहून पेढ्याच्या ऑर्डरी व्हॉट्सअ‍ॅपवर यायला लागल्या, तेव्हा वेबसाइट काढायचं ठरलं आणि नाव शोधायचं काम माझ्या गळ्यात पडलं. दाजींचं म्हणणं सोपं होतं: "पाटीवर आहे तेच टाक की." पाटी मराठीत, आणि डोमेन, म्हणजे वेबसाइटचा पत्ता, बहुतेक लोक टाइप करणार रोमन अक्षरांत. घोळ तिथंच सुरू होतो.

पहिलं काम वहीतलं. माल, माणूस, जागा, चव, जे सुचेल ते लिहून काढा. वीस-पंचवीस शब्द झाल्याशिवाय थांबू नका, कारण निम्मे आधीच कुणीतरी घेतलेले असतात. डॉटच्या आधी 63 अक्षरांपर्यंत चालतं, पण म्हणून तेवढं लांब कुणी ठेवत नाही. दोन छोटे शब्द पुष्कळ झाले. रोमन पत्त्यात इंग्रजी अक्षरं, अंक आणि मधली आडवी रेघ एवढंच चालतं, आणि रेघ सुरुवातीला किंवा शेवटी चालत नाही. माझं मत विचाराल तर रेघ आणि अंक दोन्ही टाळा. "सात" म्हटल्यावर समोरचा अंक लिहील की अक्षरं, याचा नेम नाही.

आता खरी चाळणी. वहीतलं एकेक नाव फोनवर फक्त बोलून सांगायचं आणि समोरच्याला ते इंग्रजीत टाइप करून पाठवायला लावायचं. स्पेलिंग आपण सांगायचं नाही. मी "खवाघर" हे नाव तिघांना सांगितलं. पुण्यातल्या मावसभावानं व्ही घातला, टेम्पोवाल्यानं डब्ल्यू, आणि मामांनी घरातला एच खाऊन टाकला. तीन माणसं, तीन पत्ते. मग बाकीचे शब्दही तपासले. भूममध्ये दोन ओ की यू? दूध डबल ओचं की यूचं? साय लिहायची तर तीन तऱ्हा. कढईत एच आहे की नाही, यावर घरात वाद झाला. मराठीतला ळ, ण, दीर्घ स्वर आणि व रोमनमध्ये गेले की प्रत्येकाचे वेगळे होतात. परळी, बीड, जालना ही नावं तुम्ही स्वतः किती प्रकारे लिहिलेली पाहिलीत, आठवून बघा.

त्यामुळं ज्या शब्दाला एकच स्पेलिंग सुचतं, तो सोन्यासारखा. "दाजी" हा शब्द सगळ्यांनी सारखाच लिहिला. आमच्या नावात शेवटी भांडणाचं एकच अक्षर उरलं, पेढ्यातला एच. एच असलेलं आणि नसलेलं, दोन्ही नावं घेतली आणि दुसरं पहिल्याकडे वळवलं, म्हणजे दुसरं टाइप केलं तरी पहिलंच उघडतं. ही सोय डोमेन विकणाऱ्या बहुतेक कंपन्या नावासोबतच देतात. पूर्ण नाव इथं लिहीत नाही, नाहीतर लेखाची जाहिरात होईल.

गावाचं नाव घालायचा मोह आवरा. 2023 मध्ये उस्मानाबादचं धाराशिव आणि औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं. दुकानाची पाटी रंगवून बदलता येते, डोमेन रंगवता येत नाही. नवं विकत घ्यावं लागतं आणि जुन्याचेही पैसे भरत राहावं लागतं, कारण जुन्या व्हिजिटिंग कार्डांवर तेच छापलेलं असतं. आमच्या भागात आणखी एक मेख आहे. कुंथलगिरीच्या खव्याला 2024 मध्ये जीआय, म्हणजे त्या भागाच्या मालाची सरकारी ओळख, मिळालं. त्या मालासाठी ते नाव वापरायचा हक्क नोंदणीकृत वापरकर्त्यांचा असतो. त्या यादीत आपलं नाव नसेल तर ते डोमेनमध्येही घालू नये.

डॉट कॉम की डॉट इन? गिऱ्हाईक भारतातलं असेल तर डॉट इन उत्तम. त्याची व्यवस्था निक्सी ही संस्था बघते आणि 2005 पासून ते कुणालाही घेता येतं. पण तेच नाव डॉट कॉमवर दुसऱ्या मिठाईवाल्याकडे असेल तर सोडून द्या, तुमच्या ऑर्डरी त्याच्याकडे जातील. देवनागरीत डॉट भारतही 2014 पासून मिळतं. तिथं व्ही की डब्ल्यू हा प्रश्नच नाही. मला ते फार आवडतं, पण ईमेलसाठी तसला पत्ता अजून सगळीकडे चालत नाही. म्हणून जोडीला घ्या, एकटं नको.

नाव मोकळं दिसलं तरी लगेच पैसे भरू नका. वेबॅक मशीन या जुनी वेबपानं जपणाऱ्या साइटवर ते टाकून बघा. आधी कुणी त्यावर जुगाराची साइट चालवली असेल तर तिथं दिसतं. मग ट्रेडमार्कच्या सरकारी साइटवर ते कुणी नोंदवलंय का शोधा. तिथं मालाचे वर्ग पाडलेले असतात. खवा दुधाचा पदार्थ म्हणून वर्ग 29 मध्ये, मिठाईसाठी वर्ग 30, दोन्हीकडे नजर टाका.

घेताना खातं स्वतःच्या ईमेलनं आणि मोबाइलनं उघडा. इथं मी जरा आवाज चढवून सांगतो. लातूरच्या माझ्या एका मित्राचं डोमेन साइट बनवणाऱ्यानं स्वतःच्याच नावावर घेतलं होतं. पुढं पैशांवरून बिनसलं, तो फोन उचलेना आणि मित्राला चालता पत्ता सोडावा लागला. साइट कुणाकडूनही बनवून घ्या, नोंदणी मात्र आपली. पहिल्या वर्षाच्या स्वस्ताईला भुलू नका, दुसऱ्या वर्षाचा नूतनीकरणाचा दर बघा. आपोआप नूतनीकरण चालू ठेवा. डॉट कॉमची मुदत उलटून ते रद्द झालं तर परत मिळवायला 30 दिवस असतात, पण दंड चांगलाच बसतो. त्यानंतर ते कुणालाही घेता येतं. नवं डोमेन पहिले 60 दिवस सहसा दुसऱ्या कंपनीकडे हलवता येत नाही, तेव्हा कंपनी आधीच नीट निवडा.

आणि खोक्यावरचं स्टिकर छापायला टाकण्याआधी त्यावरचा पत्ता मोबाइलवर अक्षर अक्षर टाइप करून बघा. दाजींनी पहिल्या खेपेला पाचशे छापून आणले, त्यात एक ए कमी होता.