मागचा ब्रेक धरतोय? उघडायच्या आधी हे बघा

मागचा ब्रेक धरला, म्हणजे सोडल्यावरही सुटला नाही, की जुन्या आल्टो, वॅगनारला मागून घर्रघर्र येतं, गाडी ओढल्यासारखी चालते आणि गॅरेजवाला थेट लायनर (ब्रेकचं घासणारं अस्तर) बदलायला सांगतो. आधी हे करा.

१. नाशिकच्या त्र्यंबक रोडला वगैरे एक चक्कर मारा, ब्रेक कमीत कमी वापरा, थांबलात की मागच्या दोन्ही रिमजवळ हात न्या (टेकवू नका, चटका बसतो), जास्त गरम तोच धरतोय.

२. सपाट जागेवर पुढच्या चाकांना वीट लावा, गिअरमध्ये ठेवा, हँडब्रेक सोडून ते चाक जॅकवर उचला आणि हाताने फिरवा. जड असेल तर हँडब्रेकची केबल अॅडजस्टरवरून ढिली करा. सुटलं तर दोष केबलचा, आपल्याकडे पावसाळ्यानंतर हेच जास्त.

३. नाहीच सुटलं तर ब्लीडिंग निपल (चाकामागचा, ब्रेक ऑइल सोडायचा छोटा स्क्रू) जरासा उघडा, ऑइल उडून चाक मोकळं झालं तर होजपाइप (ऑइलची रबरी नळी) किंवा मास्टर सिलिंडर (पेडलने ऑइल ढकलणारा) बघा. तरीही जाम, तर दोष ड्रमच्या (मागच्या ब्रेकच्या गोल डब्याच्या) आत, म्हणजे व्हील सिलिंडर (शू ढकलणारा) किंवा शू (लायनर लावलेली पट्टी). निपल उघडला की नंतर ब्रेकच्या पाइपात शिरलेली एअर काढायलाच लागते.

रात्रभर पावसात उभ्या गाडीचा सकाळचा पहिला खरखराट मात्र गंजाचा असतो, तो दोनचार ब्रेकमध्ये जातो.

नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरू नका, आणि ड्रममधली धूळ हवेने उडवू नका, जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतं, ओल्या फडक्याने पुसा.