चार सेंटिमीटरसाठी दोन महिने

एचओ मापाच्या माझ्या छोट्या मॉडेल रेल्वेगाडीचे रूळ मागवून दोन महिने झाले. दुकानदाराचं उत्तर ठरलेलं, "माल आला की कळवतो." इकडे बेळगावच्या टिळकवाडीत गेट पडलं की खरी गाडी धडधडत जाते, आणि माझी टेबलावरची उभीच! गोल पुरा व्हायला फक्त चार सेंटिमीटर कमी.

शेवटी जुना मोडका तुकडा काढला. शहापूरच्या सोनारमित्राकडून बारीक करवत आणली. "रूळ चांदीचे काय रे?" त्यानं विचारलं. रूळ निकेल सिल्व्हरचे, पण 'सिल्व्हर' फक्त नावात. आत तांबं, निकेल आणि जस्त.

तुकडा कापून टोकं कानशीनं घासली. पहिल्यांदा झाळ देताना रुळांखालचे प्लास्टिकचे स्लीपर वितळले, मग शेजारी ओला कापूस ठेवला. तरी इंजिन जोडावर उडायचं. बघतो तर टेबलावरचा रूळ कोड १००, म्हणजे २.५४ मिलिमीटर उंच, आणि जुना तुकडा कोड ८३, २.११ मिलिमीटर. एवढीशी पायरीही चाकाला बरोबर कळते. जोडपट्टीत पातळ पत्रा सारून माथा एका पातळीत आणला. दोन रुळांतलं १६.५ मिलिमीटर अंतर व्हर्नियरनं तपासलं.

काल रात्री वीस फेऱ्या झाल्या. दुकानदाराचा फोन अजून नाही.