गोमेकॉत (बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेज हॉस्पिटलात) फुकट उपचार झाले, तरी रस्त्यावरच्या अपघाताचा क्लेम कसा करायचा

"बांबोळीला सगळं फुकटच झालं, मग क्लेम कशाचा करणार?" असं म्हणून आपल्याकडचे कितीतरी लोक धडक देणाऱ्या गाडीचा इन्शुरन्सवाला सांगेल त्या आकड्यावर सही करून मोकळे होतात. प्लीज असं करू नका. हॉस्पिटलचं बिल हा क्लेमचा फक्त एक भाग, आणि कमावत्या माणसाचं हाड मोडलं असेल तर बरेचदा तो सगळ्यात छोटा भाग असतो.

सुप्रीम कोर्टाने 2010 च्या राजकुमार विरुद्ध अजय कुमार निकालात कशाकशाची भरपाई मागता येते ते नीट सांगितलंय: औषधं, येण्याजाण्याचा खर्च, पौष्टिक आहार, बुडालेली कमाई, कायमचं अपंगत्व, पुढचे उपचार, आणि सोसलेला त्रास. यात फुकट झालं ते फक्त ऑपरेशन आणि खाट.

समजा 35 वर्षांचा मोटारसायकल पायलट (दुचाकी टॅक्सीवाला) आहे, महिन्याला 18,000 कमावतो आणि पाय गेल्यामुळे कमाईची ताकद 30 टक्के घटली. वर्षाचे 2,16,000, त्याचे 30 टक्के 64,800, या वयाला गुणक (वयावरून ठरलेला, वर्षाच्या नुकसानीला गुणायचा आकडा) 16, म्हणजे 10,36,800 रुपये, आणि यात हॉस्पिटलच्या बिलाचा एक रुपया नाही. तोच पाय ऑफिसात बसून काम करणाऱ्याचा असता तर कमाईचं नुकसान कमी धरलं असतं, म्हणून अपंगत्वाच्या सर्टिफिकेटवरच्या टक्क्यांइतकंच तुम्ही काय काम करता हे सिद्ध करणं महत्त्वाचं.

आता जे खिशातून गेलंच नाही ते गेलं म्हणून दाखवू नका, खोटं बिल पकडलं की खरी बिलंपण संशयात येतात. पण बाहेरून आणलेली औषधं, वॉकर, वाळपईहून फॉलोअपला केलेल्या टॅक्सीचे पैसे, या सगळ्याच्या पावत्या पहिल्या दिवसापासून एका फाइलीत टाका. घरच्या माणसाने काम सोडून सेवा केली असेल तर तेही वकिलाला सांगा, त्याचीही भरपाई मागता येते.

मेडिक्लेमचं, म्हणजे तुमच्या स्वतःच्या आरोग्य विम्याचं, वेगळं आहे. प्रीमियम तुम्ही भरलात, म्हणून ते पैसे भरपाईतून कापायचे नाहीत असं मुंबई हायकोर्टाच्या फुल बेंचने मार्च 2025 मध्ये सांगितलं, आणि गोवा त्याच हायकोर्टाखाली येतो. कोणी कापायला लागलं तर हे तिथल्या तिथे दाखवा.

फुकट उपचारात एक गोची मात्र असते, बिल नाही म्हणून कागदही कोणी मागत नाही. तुम्ही मागा! डिस्चार्ज कार्ड, एमएलसीची (पोलीस केस म्हणून हॉस्पिटलने केलेली) नोंद, एक्सरे, प्रत्येक ओपीडी तारखेचा केस पेपर, आझिलोत किंवा हॉस्पिसियोत (म्हापसा आणि मडगावच्या जिल्हा हॉस्पिटलांत) आधी नेलं असेल तर तिथलेपण. पोलिसांकडून एफआयआर आणि पंचनाम्याची कॉपी घ्या.

अर्ज अपघातापासून सहा महिन्यांच्या आत मोटार अपघात ट्रिब्युनलमध्ये टाका, तुम्ही राहता त्या भागातल्या ट्रिब्युनलमध्येही चालतो. आणि लोकअदालतीत सेटलमेंट करायला हरकत नाही, पण मेडिकल बोर्डाचं अपंगत्वाचं सर्टिफिकेट हातात येईपर्यंत "फुल अँड फायनल" लिहिलेल्या कागदावर सही नको, कारण नंतर प्लेट काढायचं दुसरं ऑपरेशन निघालं तर त्याचे पैसे मागायला जागा उरत नाही.