दर उघडण्याआधीच टेंडर बाद होतं? या चुका टाळा

"आमचा रेट सगळ्यात कमी होता, तरी काम दुसऱ्याला गेलं. सेटिंगच असणार!" टेंडर भरणारा प्रत्येक जण एकदा तरी हे म्हणतो. सेटिंग कुठेच नसतं असं मीही म्हणणार नाही. पण लोकांची टेंडरं भरून देताना मी जी बाद झालेली पाहिली, त्यातली बहुतेक दरापर्यंत पोचलीच नव्हती. केंद्र सरकारच्या मोठ्या खरेदीत बहुधा दोन लिफाफे असतात, टेक्निकल आणि फायनान्शियल. पहिल्यात नापास झालात की दुसरा उघडतच नाहीत.

सगळ्यात जास्त गफलत होते ती सवलतींची. 'आपलं उद्यम (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) आहे, म्हणजे ईएमडी (टेंडरसोबत भरायची अनामत रक्कम) माफ' एवढं ऐकून लोक निवांत होतात. सूक्ष्म आणि लघु उद्योगांना अनामत रक्कम माफ आहे हे खरं, पण स्वतः माल बनवणाऱ्यांना आणि सेवा देणाऱ्यांना. 2021 पासून व्यापाऱ्यांनाही उद्यम नोंदणी मिळते, पण तिचा उपयोग प्राधान्य क्षेत्रातल्या कर्जापुरता. तेव्हा आधी आपला कागद काढून बघा. 'मेजर ॲक्टिव्हिटी'समोर 'ट्रेडिंग' लिहिलं असेल तर गुपचूप ईएमडी भरा.

आणि ईएमडी माफ झाली म्हणजे अनुभवाची अटही माफ झाली, असं नाही. जेम, म्हणजे सरकारी खरेदीच्या ऑनलाइन पोर्टलवरच्या बिडमध्ये (टेंडरच्या कागदात) सुरुवातीच्या तक्त्यात एक ओळ असते: अनुभव आणि उलाढालीत एमएसईला, म्हणजे सूक्ष्म-लघु उद्योगांना सूट, येस की नो. तिथे 'नो' असेल तर पुढची चाळीस पानं वाचायच्या आधी आपले मागच्या कामांचे दाखले मोजा.

ईएमडी बँक गॅरंटीने देणार असाल तर तारीख नीट मोजा. दराची वैधता संपल्यावर साधारणपणे आणखी 45 दिवस ती जिवंत असावी लागते. बँकेतला माणूस हे विचारत नाही.

आता बीओक्यू, म्हणजे दर भरायची एक्सेल फाइल. पोर्टलवरून उतरवलेलीच फाइल, त्याच नावाने, फक्त मोकळ्या चौकटी भरून परत चढवायची. एका पोरानं हौसेनं नावापुढे 'फायनल' जोडलं. पोर्टल फाइल घेईना, आणि घोळ कळेपर्यंत दुपारचे पावणेतीन झालेले. मुदत तीनची.

वेळ पोर्टलच्या घड्याळाची धरतात, तुमच्या मोबाइलची नाही. डीएससीची, म्हणजे डिजिटल सहीची मुदत आदल्या आठवड्यात तपासा, तिचं डोंगल ज्यावरून टेंडर भरणार त्याच लॅपटॉपला लावून एकदा लॉगिन करून बघा. केंद्राच्या ई-प्रोक्युअर पोर्टलवर सगळ्या फाइली चढवल्यावर शेवटी 'फ्रीझ बिड सबमिशन' दाबावं लागतं. ते राहिलं की बिड गेलंच नाही असं धरतात. दाबून झाल्यावर पावती सेव्ह करा. आणि भरायच्या दिवशी सकाळी कॉरिजेंडम, म्हणजे टेंडरमधल्या बदलाची सूचना, आलंय का ते बघाच. तारीखही बदललेली असते, अटही.

जेमवर दर टाकताना जीएसटी विसरणारे अजून भेटतात. तिथला दर सगळे कर आणि वाहतूक धरून, जागापोच असतो. 18 टक्के जीएसटी राहिला तर एल-1, म्हणजे सगळ्यात कमी दरवाले, तुम्हीच येणार, आणि मग रडायचंही तुम्हीच. माघार घेतली तर ईएमडी जाते, वर पोर्टलवर कारवाईची टांगती तलवार.

ऑर्डर मिळाली की लोक कागद बघायचं सोडतात. उशीर झाला तर जेमच्या सर्वसाधारण अटींप्रमाणे आठवड्याला अर्धा टक्का कापतात, जास्तीत जास्त 10 टक्के. शिवाय माल स्वीकारल्याचं प्रमाणपत्र, म्हणजे सीआरएसी, निघाल्याशिवाय बिल पुढे सरकत नाही. माल उतरवतानाच चलनावर तारीख, सही आणि शिक्का घ्या. 'साहेब जेवायला गेलेत, चलन ठेवून जा' म्हणाले, तर साहेब येईपर्यंत टेम्पो थांबवा.