तेराव्या शतकातलं बेळगाव कादंबरीत आणायचं असेल तर

मी दिवसा जुनं मराठी साहित्य शिकवतो आणि रात्री जेवणं झाली की कादंबरी लिहायला बसतो, कादंबरीत बेळगावावर राज्य करणाऱ्या रट्ट घराण्याचा काळ असतो आणि जादूही असते, त्यामुळे खानापूर-बेळगावकडची पोरं सारखं विचारतात की सर, हे सुरू कुठनं करायचं?

राजापासनं करू नका. दगडापासनं करा. आपल्याकडं कितीतरी गावांत मारुतीच्या देवळामागं वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराचा कोरीव दगड, तेल पिऊन काळा पडलेला असतो. सकाळी ऊन तिरपं असताना जा, किंवा टॉर्च बाजूनं धरा, म्हणजे सावलीनं आकृत्या उठून दिसतात. खडू किंवा पीठ अजिबात चोळू नका, दगड खराब होतो. वीरगळ खालनं वर वाचायचा. तळाला लढाई, बऱ्याचदा गाईगुरं सोडवायची, मधे अप्सरा वीराला वर नेतायत, त्याच्यावर तो शिवलिंगापुढं बसलाय, आणि टोकाला चंद्रसूर्य. अख्खं कथानक आहे की हे! त्या माणसांना अप्सरा गाईइतकीच खरी होती, आणि माझं सगळं सांगणं एवढंच आहे की जादू त्यांच्याच विश्वासातनं घ्या, बाहेरनं ड्रॅगन आणायची गरज नाही.

शिलालेखाचा शेवट तर चुकवूच नका. दान दिलेली जमीन जो हिसकावेल तो साठ हजार वर्षं विष्ठेतला किडा होईल, असा संस्कृत श्लोक दानलेखांत सारखा भेटतो. आता समजा एका गावकामगारानं शेत बळकावलं आणि शाप खरंच लागला, तर त्याच्या बायकोला सकाळी अंथरुणात काय दिसेल? माझी दुसरी कादंबरी एवढ्याच प्रश्नावर उभी राहिली.

काळाची चौकट मात्र पक्की पाहिजे. बेळगावचं जुनं नाव वेणुग्राम, किल्ल्यातली कमल बसदी, म्हणजे जैन मंदिर, 1204 ची, रट्ट राजा चौथ्या कार्तवीर्याचा मंत्री बिचिराज यानं बांधलेली, पुढं त्याच शतकात देवगिरीच्या यादवांनी रट्टांचं राज्य घेतलं. शकात 78 मिळवले की इसवी सन येतो, पौष-माघात बहुतेक 79 मिळवावे लागतात. रट्टांचे लेख बरेचसे हळेगन्नडमधे, म्हणजे जुन्या कन्नडमधे आहेत, तेव्हा कन्नड जाणणारा दोस्त बरोबर घ्या. आपण मराठी म्हणून तेवढी पानं सोडली तर अर्धं बेळगाव सुटतं, हे मी मनापासनं सांगतोय.

रोजचं जगणं हवं असेल तर लीळाचरित्र वाचा, चक्रधरस्वामींच्या आठवणींचा महानुभावांचा जुना मराठी ग्रंथ. प्रवास, भिक्षा, भांडणं, आजारपण, सगळं आहे त्यात, आणि वाक्यं इतकी छोटी की माणूस शेजारी बसून बोलतोय असं वाटतं. पण अख्खे संवाद त्या भाषेत लिहू नका, वाचक दमतो. मी उलटं करतो, भाषा आजचीच ठेवतो आणि फारशी शब्द गाळतो. दरवाजाचं कवाड, बाजाराचा हाट, फौजेचं दळ, हुकुमाची आज्ञा. एवढं केलं तरी वाक्याचा रंग बदलतो, करून बघा.

आता जेवण, इथं मी स्वतः चुकलोय. पहिल्या कादंबरीत सैनिकाला भाकरीबरोबर मिरचीचा ठेचा दिला होता आणि पुस्तक छापून आल्यावर एका वाचकानं ते दाखवलं, फार वाईट वाटलं. मिरची, बटाटा, टोमॅटो, मका, शेंगदाणा, यातलं काहीही पोर्तुगीज यायच्या आधी आपल्याकडं नव्हतं. तिखटाला मिरी आणि आलं वापरा.

मांडे मात्र बिनधास्त घाला. बाराव्या शतकातल्या मानसोल्लास या संस्कृत ग्रंथात मांडे आहेत, आणि मुक्ताबाईनं ज्ञानदेवांच्या तापलेल्या पाठीवर मांडे भाजल्याची गोष्ट तर आपल्या घराघरात सांगतात. तो प्रसंग लिहिण्याआधी एकदा मांडे करणाऱ्या बाईजवळ जाऊन बसा. गोळा तळहातावरनं मनगटावर, मनगटावरनं कोपरापर्यंत कसा पसरत जातो, पार दिसेल इतका पातळ होतो, आणि पालथ्या भांड्यावर टाकताना तिच्या हाताला धग लागते तेव्हा ती काय पुटपुटते, ते वहीत लिहून घ्या.